वॉर्ड क्रमांक चारसाठी चित्रत्रयीची निवड

अस्थिरोग विभागाच्या वॉर्ड क्रमांक चारमध्ये अठरा खाटा होत्या, त्यांवर अठरा पुरुष होते आणि त्या सर्वांचे मिळून चालू स्थितीतले पाय एकोणीस होते. कुणा दानशूर गृहस्थाने या वॉर्डाला एक भला मोठा टीव्ही भेट दिला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

वॉर्डाच्या मुख्य सिस्टरनी बावीस वर्षं हाडांमध्येच काढली होती. हाड आपोआप जुळतं, पण छताकडे बघत पडून राहिलेला माणूस आतून मोडतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की तीन भागांचा एखादा सिनेमा लावायचा, दर रविवारी एक भाग. पुढच्या रविवारची वाट बघायला माणसाला काहीतरी पाहिजे.

वॉर्डातून दोन मागण्या आल्या. खाट सहावरच्या ड्रायव्हरकाकांना कल्पनारम्य त्रयी हवी होती. तीत एक दिवेवाला राज्यातला शेवटचा अग्नी घेऊन बर्फाच्या डोंगरांपलीकडे जातो आणि वाटेत त्याला ड्रॅगन भेटतो. खाट सातवरच्या गणिताच्या मास्तरांना विज्ञानपटांची त्रयी हवी होती. तीत ग्रहावरचं पाणी पळवणाऱ्या कंपनीशी एक इंजिनीअर बाई तिन्ही भाग झुंजते.

"तुमच्या त्या यानाला तीन भागांत एकदा तरी कुणी पाना लावलाय का?" मांडीचं हाड मोडलेले ड्रायव्हरकाका विचारत. "अठ्ठावीस वर्षं बस चालवली मी. आरसा नाही, हॉर्न नाही, आणि बाई सूर्याला वळसा घालून परत येते!"

"आणि तुमचा जादूगार?" खुबा मोडलेले मास्तर म्हणत. "पहिल्या भागात डोंगर हलवतो, दुसऱ्या भागात त्याला साधं दार उघडत नाही. काही नियम? आमच्याकडे हवा संपली की माणूस मरतो. कसं स्वच्छ!"

"दमलाय तो, मास्तर. त्याचं मन खचलंय. ते तुमच्या सूत्रात बसायचं नाही."

"म्हणून ड्रॅगन रडला की तुम्हीही रडता."

"रडतो की! बाईचा यंत्रमानव बंद पडला तेव्हा तुमचे डोळे कोरडे होते?"

कुशीवर वळायची सोय नसल्यामुळे मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

हळूहळू खिडकीकडची रांग ड्रॅगनची झाली आणि दाराकडची यानाची. पंधरा दिवस कुणी दुखतंय म्हणून कण्हलं नाही, कारण कण्हायला सवडच नव्हती. दोन्ही त्रयी एकापाठोपाठ दाखवायच्या, असं सिस्टरनी मनाशी ठरवलं आणि कार्यालयाकडे परवानगीचा अर्ज केला. अर्जाच्या शेवटी त्यांच्या हातून एक चूक झाली. 'प्रथम कोणती दाखवावी, याबाबत मार्गदर्शन व्हावे,' असं त्यांनी सहज लिहिलं.

चौथ्या दिवशी हेडक्लार्कनी त्यांना बोलावून घेतलं.

"सिस्टर, पर्याय दोनच दिलेत तुम्ही. तुलनात्मक तक्त्याला तीन लागतात."

"पण तिसरी कुणी मागितलीच नाही."

"प्रश्न मागणीचा नाही, रकान्याचा आहे," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, आणि तिसऱ्या रकान्यात त्यांनी आरोग्य विभागाचीच एक फिल्म लिहिली. ती हात धुण्याविषयी होती. भाग पहिला : हात ओले करणे. भाग दुसरा : चोळणे. भाग तिसरा : पुसणे. एकूण वेळ तेहतीस मिनिटे.

"निवड समिती नेमणार असाल तर मला घ्या," सिस्टर म्हणाल्या. "मी दोन्ही त्रयी पाहिल्यात."

हेडक्लार्कनी पेन खाली ठेवलं. "पाहिल्यात? मग तुमचं मत आधीच बनलेलं असणार."

समितीवर धुलाई विभागाचे प्रमुख, आहारतज्ज्ञ बाई आणि क्ष-किरण विभागाचे डॉक्टर नेमले गेले. यापैकी डॉक्टरांनी एका त्रयीचा दुसरा भाग अर्धा पाहिल्याचं निष्पन्न झालं, तेव्हा त्यांना अर्ध्याच बैठकीला बसू देण्यात आलं.

समितीने काम मन लावून केलं. सहा बैठकांनंतर अहवाल आला. 'कल्पनारम्य त्रयीतील नायक तिन्ही भागांत उघडी आग घेऊन फिरतो; रुग्णालयाच्या आवारात आगीस सक्त मनाई आहे. ड्रॅगनच्या लसीकरणाबाबत खुलासा आढळत नाही. विज्ञानपटांच्या त्रयीत पाणीटंचाई दाखवली असून, त्यामुळे रुग्णालयाच्या पाणीपुरवठ्याबद्दल गैरसमज पसरू शकतो. हात धुण्याच्या त्रयीत खलनायक अतिसूक्ष्म असल्याने हिंसा दिसत नाही. शेवट सुखद व कोरडा आहे.' तिसऱ्या रकान्याला शंभरपैकी शंभर मिळाले.

तोवर दोन महिने उलटले होते आणि हाडांनी समितीची वाट पाहिली नव्हती. ती जुळली होती. ड्रायव्हरकाका काठीशिवाय वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन येत. त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. तान्ह्या बाळाला वॉर्डात आणायची परवानगी नव्हती, त्यामुळे आजोबांनी नातीचा फक्त आवाज फोनवर ऐकला होता. सिस्टरनी अठरा जणांचे घरी सोडण्याचे कागद वर पाठवले. ते शेऱ्यासह परत आले : 'मनोरंजन योजनेस अठरा लाभार्थी मंजूर आहेत. योजना राबवण्यापूर्वी लाभार्थी कमी करता येणार नाहीत.'

सिस्टर तडक कार्यालयात गेल्या. "अहो, बाहेर मोडक्या पायांची माणसं व्हरांड्यात फरशीवर पडलीत, आणि आत धडधाकट माणसं खाटांवर लोळतायत!"

"त्यांना चालू देऊ नका," हेडक्लार्क काळजीने म्हणाले. "तपासणी आली तर बरं दिसणार नाही."

"मग ती फिल्म तरी दाखवून टाका एकदाची!"

ती दाखवण्यात आली. अठरा माणसांनी एक शब्द न बोलता तेहतीस मिनिटं हात ओले होताना, चोळले जाताना आणि पुसले जाताना पाहिले. मग अभिप्रायाचे फॉर्म वाटले गेले. 'उत्कृष्ट'पेक्षा कमी दर्जा कुणी दिला, तर त्याची कारणं शोधायला समिती नेमायची आणि तिचा अहवाल येईपर्यंत सर्व लाभार्थी जागेवर ठेवायचे, अशी तळटीप होती. सतरा फॉर्मवर भराभर 'उत्कृष्ट'ची खूण झाली. मास्तरांनी मात्र आपल्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नापास'.

"एकतीस वर्षांत मी कुणाला फुकट गुण दिलेले नाहीत, सिस्टर," ते म्हणाले.

ड्रायव्हरकाका उठून मास्तरांच्या खाटेच्या कडेला टेकले.

"मास्तर, नात चौदा दिवसांची झाली हो. अजून तोंड पाहिलं नाही मी तिचं."

मास्तर बरोबर आहेत, हे सिस्टरना ठाऊक होतं, आणि तसं म्हणावं असं त्यांच्या ओठांवरही आलं. पण व्हरांड्यातून कुणीतरी वेदनेने ओरडलं. त्यांनी मास्तरांपुढे नवा कोरा फॉर्म धरला.

"तुमच्या ड्रॅगनलासुद्धा मी दहापैकी सात दिले असते," मास्तर पुटपुटले, आणि त्यांनी खूण केली.

दुपारपर्यंत अठरा माणसं छत्तीस पायांनी घरी गेली. जाताना मास्तरांनी सिस्टरचा निरोप घेतला नाही.

अहवाल वर गेला : समाधान शंभर टक्के. एवढा प्रतिसाद विभागाला आजवर कशालाच मिळाला नव्हता. लोकांची आवड लक्षात घेऊन ही त्रयी सर्व वॉर्डांत सक्तीची झाली आणि भाग चार, पाच व सहाही मंजूर झाले. चौथा भाग नखांवर होता.

व्हरांड्यातले रुग्ण आत आले. खाट सातवर घोट्याचं हाड मोडलेले एक प्लंबर होते. पाचव्या भागानंतर त्यांचा संयम सुटला.

"सिस्टर, असलं काही मागतं तरी कोण हो?"

सिस्टरनी आधीच्या रुग्णांच्या फॉर्मची फाइल आणून त्यांच्या हातात दिली. प्लंबरनी अठरा फॉर्म एकेक करून पाहिले, अठरा सह्या वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

"माणसं आहेत की मेंढरं? एकालाही खरं लिहायची हिंमत होऊ नये?" फाइल मिटून त्यांनी बाजूला ठेवली. उशीवर त्यांचा स्वतःचा फॉर्म पडला होता. तो त्यांनी उचलला आणि तळटीप बोट ठेवून दोनदा वाचली.

"सिस्टर," ते जरा हलक्या आवाजात म्हणाले, "पेन आहे का? मंगळवारी माझं प्लास्टर निघतंय."