फेब्रुवारीचं पान

"पुढच्या कॅलेंडरात फेब्रुवारीचं पान माझं!" ओन्नीनं गावभर सांगून टाकलं.

गाव मिशिगनच्या पार उत्तर टोकाला. तिथल्या अग्निशमन दलाच्या कॅलेंडरात फेब्रुवारीला पक्ष्याचा फोटो असतो, आणि अकरा वर्षं तो ओन्नीच्या मेहुण्याचाच, वाइनोचाच! तोही स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पायातल्या सपाता न काढता काढलेला. ओन्नीला हे फार झोंबायचं.

फोटो द्यायच्या शेवटच्या दिवशी ओन्नी बर्फात बादली पालथी घालून बसला. शेजारी बायको, आइली. असल्या थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी मान टाकते. पण ओन्नीचे आजोबा गरम पास्टी, म्हणजे भाजलेली मोठी करंजीच, शर्टात कोंबून खाणीत जायचे; छाती गरम, जेवणही गरम. नातवानं त्यात सुधारणा केली. मांस-बटाट्याच्या दोन पास्ट्या आणि मधे जादा बॅटरी!

तिसऱ्या तासाला समोरच्या खुंटावर मोठं करडं घुबड येऊन बसलं. ओन्नीनं बटण दाबलं आणि कॅमेरा बंद!

त्यानं घाईघाईनं शर्टातलं पुडकं काढून सोडलं. हात मोकळे हवेत म्हणून पास्ट्या ठेवल्या डोक्यावर, टोपीवर. बॅटरी तुपकट झालेली. ती सुळकन निसटली आणि बर्फात गडप! तेवढ्यात 'ग्रे जे' जातीचे दोन करडे पक्षी टोपीवर उतरले. गावात त्यांना डबाचोरच म्हणतात.

"आइली, हाकल ना यांना!"

"हाकलले तर घुबडही उडेल. हलू नकोस!"

"अगं, माझं जेवण चाललंय!"

"जाऊ दे रे! गप्प बस, आणि तोंड मीट आधी!"

हसू दाबत आइलीनं कॉफीच्या थर्मासला चिकटवून ठेवलेला फोन काढला.

फेब्रुवारीचं पान तिला मिळालं. पुढे ओन्नी, टोपीवर जेवणारे दोन डबाचोर, आणि मागून टक लावून बघणारं घुबड. खाली पक्ष्यांची नावं छापली होती. ओन्नीचं नव्हतं.

तरी त्यानं ऐटीत मेहुण्याला फोन लावला. "वाइनो, पान शेवटी आमच्या घरात आलं!"

"येणारच! बहीण कुणाची?"

ओन्नीनं फोन ठेवला. पण आता एप्रिल संपत आला, बाहेरचा बर्फही वितळला, तरी तो स्वयंपाकघरातलं फेब्रुवारीचं पान काही कुणाला उलटू देत नाही.