दीड फूट, पण कुठून?

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत कुणी 'दीड फूट' म्हणालं की करमरकरकाका लगेच विचारायचे, "कुठून?" ठाण्याच्या एका कारखान्यात जन्मभर ड्रॉइंगं काढून निवृत्त झालेला हा माणूस. नुसत्या उंचीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माझ्या बहिणीला साडेपाच फुटी स्थळ आलं, तर म्हणाले, "चपलेसकट की चपलेविना?"

नव्वदच्या सुमारास जिन्याखाली पाण्याचा नवा पंप बसवायचं ठरलं. त्याला काँक्रीटचा चौथरा हवा. गवंड्यासाठी सेक्रेटरींनी कागदावर लिहिलं, 'चौथऱ्याची उंची दीड फूट'. काकांनी ते खोडून लिहिलं, 'लादी बसल्यावर, लादीच्या वर दीड फूट'.

"हे लेकाचे कच्च्या कोब्यापासून मोजतात. वर लादी आली की तीन इंच गडप."

"अहो, पंपाला काय फरक पडतो?" सेक्रेटरी वैतागले.

"पडतो," काका म्हणाले आणि त्यांनी कागद गवंड्याच्या हातात दिला.

गवंड्यानं शेवटी कोब्यापासूनच मोजलं. लादी बसली तसे काका टेप घेऊन हजर. उंची कमी भरली. त्यांनी वाद घालून वर आणखी थर चढवून घेतला.

आता मात्र मलाच शंका यायला लागली. पंप हातभर आणि चौथरा पार जिन्याच्या तोंडापर्यंत. पंपाला काय पाय पसरून झोपायचं होतं? त्यात काकांनी मोकळ्या बाजूच्या कडाही गोल घासून घेतल्या. "सिमेंट करमरकरांच्या मेव्हण्याच्या दुकानातलं असणार," तळमजल्यावरच्या नेनेवहिनी म्हणाल्या. मलाही ते पटलं.

एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर करमरकरकाकू भाजीची पिशवी मांडीवर घेऊन चौथऱ्याच्या मोकळ्या टोकावर बसलेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघे कधीच गेलेले. पायरीवर टेकल्या तर दोघांनी धरून उठवावं लागायचं. जिन्यापाशी एक खुर्ची ठेवू द्या म्हणून काकांनी मागे अर्ज केला होता. सामायिक जागेत सामान नको, म्हणून आम्ही सगळ्यांनी तो नामंजूर केला होता.

काकू कुणाचा हात न धरता सावकाश उठल्या. काका शेजारीच उभे होते, हात अर्धवट पुढे करून.

"दुखलं?"

"नाही हो."

काका त्यांच्या तोंडाकडे संशयानं बघत राहिले.

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीस ना?"