केलगेरीला कसं जावं?

वामनअण्णा रस्त्यात भेटले, तर 'कसे आहात' असं कधीच विचारत नसत. खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून, डॉक्टरच्या गांभीर्यानं विचारत, "समजा, तुमच्या नळाला चार दिवस पाणी आलं नाही. तर सर्चमध्ये काय लिहाल? नेमके शब्द सांगा. विचार करू नका. विचार केला की माणूस खोटं बोलतो."

पहिल्यांदा मी बावरून "पाणी का आलं नाही, असं लिहीन" म्हणालो. ते समाधानानं मान हलवून निघून गेले. आठवडाभरात 'नवनगरात पाणी का आलं नाही?' या मथळ्याचा त्यांचा लेख इंटरनेटवर आला. पाणी तोवर आलेलं नव्हतं.

देवळाच्या रांगेत, मुंजीच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येई. एकदा तर स्मशानातून परतताना त्यांनी गेलेल्याच्या मेहुण्याला बाजूला घेतलं आणि 'दहाव्याला काय काय लागतं हे तुम्ही कोणत्या शब्दांत शोधाल' असं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेहुण्यानं शांतपणे शब्द सांगितले. अण्णांचा चेहराच इतका गंभीर असे, की समोरच्याला रागावणं सुचत नसे.

अण्णांची सगळी नोकरी हुबळी स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत गेली. निवृत्त होऊन ते हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात, आमच्या शेजारी राहायला आले. घरात ते आणि वहिनी, दोघंच. गप्प बसायची सवय नसलेला माणूस; आठ दिवसांत त्यांनी शेजारच्या सगळ्यांना सगळ्या गाड्यांच्या वेळा सांगून टाकल्या. पुढं काय, हा प्रश्नच होता. मग ते हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसू लागले, आणि वर्षभरात घरी कॉम्प्युटर आला. इंटरनेटवर माणसाला स्वतःचं पान चालवता येतं, त्याला ब्लॉग म्हणतात, आणि तिथं मराठीतही लिहिता येतं, हे आम्हाला अण्णांकडून कळलं. त्यांच्या ब्लॉगचं नाव होतं 'चौकशी'.

नोकरी सुटली तरी रेल्वेची भाषा सुटली नाही. सर्चच्या यंत्रणेला ते 'कंट्रोल' म्हणत. लेख शोधात सगळ्यात वर आला, की तो एक नंबर फलाटावर लागला. खाली घसरला, की आउटरला उभा. एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे जायची खूण दिली, की ती बदलीची गाडी. सकाळी दात घासत ते गॅलरीत येत आणि पलीकडून ओरडत, "पेढा तीन नंबरला आला हो! कंट्रोलनं लाईन दिली!" त्या बातमीवर काय म्हणायचं, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मी "छान, छान" म्हणत असे.

लिहिण्याबद्दल त्यांची मतं ठाम होती, आणि मी अधूनमधून ललित लेख लिहितो हे कळल्यापासून ती मला रोज ऐकावी लागत.

"वाचक म्हणजे खिडकीवरचा माणूस की हो. डोक्यावर बोजा, काखेत पोर, गाडी सुटायला आलेली. असं धरून लिहायचं. त्यानं विचारलं, मिरजेची गाडी कधी? तर आधी वेळ सांगायची. उत्तर आधी, इतिहास मागनं. तुम्ही इतिहास आधी सांगता, तवर माणूस वळला की. वळला तो गेला."

मी एकदा धारवाडच्या संध्याकाळवरचा माझा लेख त्यांना वाचायला दिला. त्यावर मी महिनाभर घाम गाळला होता. अण्णांनी तो उभ्यानं वाचला, पानं परत दिली आणि कानडीत म्हणाले, "छंद अद." छान आहे. मग जरा थांबून मराठीत, "पण ह्यात गाडी कधी येते?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

फजिती त्यांचीही होई. शोधायचा शब्द लेखात जितक्यांदा येईल तितकी कंट्रोलची मर्जी, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. अण्णांनी धारवाडी पेढ्यावरचा लेख पुन्हा लिहून काढला. 'धारवाडी पेढा हा धारवाडी पेढा असल्यामुळे धारवाडी पेढा खाणाऱ्याला धारवाडी पेढ्याशिवाय' अशी सुरुवात होती. वहिनी म्हणाल्या, "हे वाचूनच मला साखर वाढल्यागत वाटतंय." थोड्याच दिवसांत तो लेख शोधातून दिसेनासा झाला. अण्णा सुतकात असल्यासारखे वावरत होते. "सायडिंगला टाकली गाडी," म्हणाले. "बरोबरच आहे. एकच गोष्ट कितीदा सांगायची माणसाला?" त्यांनी बसून सगळे जादा पेढे काढून टाकले.

खरं सांगायचं तर त्या वर्षांत या असल्या विषयांवर मराठीत लिहिणारं दुसरं कोणी फारसं नव्हतंच. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "अण्णा, शर्यतीत एकटेच धावताय, पहिला नंबर येईल नाहीतर काय?" त्यांना राग आला नाही. "येऊ दे की," म्हणाले. "शोधणारा एकच असला, तरी त्याला आपण दिसायला नको काय?"

त्यांचा सगळ्यात जुना लेख होता 'केलगेरीला कसं जावं?' हा. केलगेरी म्हणजे धारवाडच्या कडेची वस्ती, तळ्याजवळची. तिथं जायचं कसं, याला काही अक्कल लागत नाही. धारवाडला उतरायचं, सिटी बस बदलायची, झालं. पण अण्णा या लेखाला जिवापाड जपत. बसच्या वेळा बदलल्या की दुसऱ्या दिवशी लेख दुरुस्त. त्यासाठी ते धारवाडच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरांची उलटतपासणी घेत. कंडक्टर म्हणत, "बर्री, हत्तरी," या, चढा. अण्णा हात जोडत आणि नवनगरच्या बसनं परत येत. केलगेरीच्या बसमध्ये मी त्यांना कधी चढताना पाहिलं नाही, आणि त्याचं मला कधी नवलही वाटलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. चप्पल दाराबाहेर ठेवत नसत. स्वतःची तर नाहीच, आलेल्याचीही उचलून आत घेत. मी समजत होतो, कुत्र्यांच्या भीतीनं.

मग एका वर्षी, दसरा तोंडावर आलेला असताना, केलगेरीच्या लेखाखाली कोणीतरी चार ओळी लिहिल्या. नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'तुम्ही सांगता तो लिंबाखालचा थांबा केव्हाच हलला. तिथे थांबणारा माणूस उगाच ताटकळतो. लेखक स्वतः कधी इकडे आले आहेत काय?'

संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं. अण्णा कॉम्प्युटरसमोर बसून होते. सकाळपासून जेवले नव्हते. मला वाटलं, मानी माणूस, चूक काढलेली सहन झाली नाही. मी म्हणालो, "अहो, दुरुस्त करा आणि सोडून द्या."

"चौकशीतनं चुकीची माहिती गेली," अण्णा म्हणाले. "माणूस भलत्या जागी उभा राहिला. आपण खिडकीत बसून." आणि उठून आतल्या खोलीत गेले.

वहिनी मला ओट्यावर घेऊन आल्या. इतकी वर्षं शेजारी राहून जे कानावर आलं नव्हतं, ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं.

अण्णांना एक धाकटा भाऊ होता, श्रीपाद. अण्णांनीच वाढवलेला. नोकरीला लागल्यावर त्यानं एका कानडी घरातल्या, परजातीच्या मुलीशी लग्न केलं. अण्णा लग्नाला गेले नाहीत. तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्या वर्षी दसऱ्याला श्रीपाद बायकोला घेऊन बन्नी द्यायला आला.

आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी शमीची पानं देतात, तीच बन्नी. कानडी घर असो की मराठी, म्हणायचं एकच, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू. वर्षभराची भांडणं त्या एका पानावर मिटतात. रीत अशी, की धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं. थोरला घरी बसून वाट बघतो, तो त्याचा मान.

"हे आत खुर्चीत बसले होते," वहिनी म्हणाल्या. "मला सांगितलं, ड्यूटीवर गेलेत म्हणून सांग. मी दारात जाऊन सांगितलं हो. भावजींनी ऐकून घेतलं. ती पोरगी नवी साडी नेसून उभी होती, हातात बन्नी. आणि ह्यांची चप्पल तिथंच, पायरीवर. भावजींनी चपलेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गेले. परत आले नाहीत."

मी विचारलं, "मग श्रीपाद आहे कुठे आता? परदेशात?"

"केलगेरीत," वहिनी म्हणाल्या.

नवनगरातून केलगेरी म्हणजे एक बस बदलायचं काम.

"धाकटा एकदा येऊन गेला, आता तो कशाला येईल? आणि थोरल्यानं आधी निघायचं नसतं. मग हे ब्लॉग घेऊन बसलेत. भावजींना काही अडलं की ते वाचून काढणार, लहानपणापासनंच तसे. कधीतरी काहीतरी शोधतील, आणि वरतीच ह्यांचं नाव दिसेल. म्हणून सगळं लिहितात. पाणी, पेढे, दहावं. काय अडेल, काय सांगावं?"

मला हसू यायला हवं होतं. भावाचं घर तासाभराच्या वाटेवर, आणि हा माणूस सगळ्या जगाच्या फलाटावर उभा राहून त्याची वाट बघत होता. पण मला हसू आलं नाही. आमच्याकडची माणसं अशीच आहेत. जीव देतील, पण आधी निघणार नाहीत. माझ्याही घरात असे दोघंतिघं आहेत, आणि त्यांना तर ब्लॉगही लिहिता येत नाही.

दसऱ्याच्या दुपारी अण्णा माझ्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, वरचा खिसा फुगलेला. "केलगेरीचा थांबा बघून यायचाय," म्हणाले. "येता काय बरोबर? साक्षीदार असलेला बरा." खिशातून बन्नीची डहाळी डोकावत होती. मी चप्पल पायात सरकवली.

धारवाडला उतरलो. केलगेरीची बस लागली होती. दाराशी अण्णा थांबले. मागची माणसं "हत्तरी, हत्तरी" करू लागली तेव्हा चढले. सगळ्या वाटेत ते मला मिरजेच्या गाड्यांबद्दल सांगत होते, आणि त्यातल्या दोन वेळा त्यांनी चुकीच्या सांगितल्या. माझ्या माहितीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

थांबा खरंच हलला होता, लिंबापासून बराच पुढं. अण्णांनी तो पाहिला, नव्या शेडच्या खांबाला हात लावून पाहिला. आता परत फिरतात की काय, असं मला वाटलं. पण ते कोणालाही न विचारता एका गल्लीत शिरले. कधीच न आलेल्या माणसाला घर बरोबर माहीत होतं.

पायरीशी त्यांनी चप्पल काढली. सवयीनं उचलायला वाकले, आणि तसेच राहिले. मग दोन्ही चपला दारासमोर, येणाऱ्याला दिसतील अशा, नीट शेजारी शेजारी ठेवल्या. घंटी मलाच वाजवावी लागली, त्यांचा हात वर जाईना.

दार श्रीपादनं उघडलं. केस पिकलेले, नाक थेट अण्णांचं. त्यानं आधी अण्णांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली, चपलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "थांबा सापडला काय, अण्णा?"

त्या चार ओळी कोणी लिहिल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. अण्णांनाही कळलं असावं, कारण त्यांनी चौकटीला धरलं. म्हणजे 'चौकशी' वाचली जात होती. किती वर्षं, देव जाणे.

मला वाटलं, आता अण्णा रीत काढतील, मान काढतील, जुनं सगळं उगाळतील. त्यांनी खिशातून बन्नी काढली आणि धाकट्यापुढं धरली.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले. "बाकीचं मागनं सांगतो."

श्रीपादनं दोन्ही हातांनी बन्नी घेतली आणि आत वळून बायकोला हाक मारली, "अण्णा बंदार. चहा इडु." अण्णा आलेत, चहा ठेव.