ब्याऐंशी किलोमीटर, फक्त अर्धा तास

मंगळवारी सकाळी समुद्रापलीकडच्या तालिनहून मेहुणीचा, हेल्वेचा, फोन आला, तेव्हा काउको दुसरा पायमोजा शोधत होता. फोन ठेवला आणि त्याची बायको मारिका मटकन खुर्चीत बसली.

"बाबा आजची संध्याकाळ काढत नाहीत म्हणे. सारखं माझं नाव घेतायत. मी साडेदहाची बोट पकडते."

झालं! इथंच काउकोनं तोंड उघडलं. (उघडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.) हेलसिंकीच्या भूमापन कचेरीत तीस वर्षं रेघा मारलेला माणूस तो. बायको रडतेय आणि यानं कपाटातून नकाशा काढून त्यावर पट्टी ठेवली!

"ब्याऐंशी किलोमीटर. बोटीला दोन तास, विमानाला अर्धा. अशा वेळी बोटीनं जातं का कुणी?"

"सगळं हेलसिंकी बोटीनं जातं, काउको."

"सगळ्या हेलसिंकीचा सासरा मरायला टेकलेला नाही!"

भांडायचं बळ मारिकात नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदाच नवऱ्याचं ऐकलं.

बंदर घरापासून ट्रामनं दहा मिनिटांवर. विमानतळ पार गावाबाहेर, वर दोन तास आधी हजेरी. तिथं तपासणीत बाबांसाठी घेतलेली मुरांब्याची बरणी अडकली.

"पातळ पदार्थ चालत नाहीत," तपासणीवाली बाई म्हणाली.

"पातळ? अहो, यात चमचा उभा राहतो!" काउकोनं तो उभा करून दाखवला. बाईनं चमच्यासकट बरणी ठेवून घेतली.

मग विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढायला पाऊण तास गेला. मारिका खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"उडालं की अर्धाच तास हं," काउको म्हणाला.

तिनं डोळे मिटून घेतले.

उडालं एकदाचं, आणि खरंच अर्ध्या तासात तालिनवर आलं. पण खाली धुकं असं दाट, की गाव कुठं नि समुद्र कुठं पत्ता नाही. विमान घिरट्या घालत राहिलं. दोन वाजून गेले. शेवटी वैमानिकानं दिलगिरी व्यक्त केली आणि विमान मागे वळवलं. अर्धा तास जायला, अर्धा यायला. तीन वाजता दोघं निघाले होते तिथंच सुखरूप उतरले.

मारिकानं फोन लावला. हेल्वे उचलेना. तेव्हाच दोघांना कळायचं ते कळलं.

साडेचारच्या बोटीनं दोन तासांत, धुक्यात भोंगा वाजवत का होईना, बरोबर पोचवलं. हेल्वेनं दार उघडलं. "दोनला गेले गं," ती म्हणाली, आणि मारिका बहिणीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली.

काउको कोटासकट उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला, "दोनला आम्ही इथंच होतो. बरोब्बर वर." आणि त्यानं छताकडे बोट दाखवलं. (हा माणूस कधी शहाणा व्हायचा नाही.)

दोघी बहिणींनी वर पाहिलं. मग हेल्वेनं डोळे पुसले.

"काउको, बाबांनी तुझ्यासाठी निरोप ठेवलाय."

काउकोनं टोपी काढली. सासऱ्यानं जाता जाता आपली आठवण काढली!

"तुम्ही विमानानं येताय असं मारिकानं कळवल्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा हसले बघ. म्हणाले, माझं दफन शनिवारी करा. पण जावई विमानानं येणार असेल, तर त्याला शुक्रवार सांगा."