उच्च दर्जाचा दवाखाना

मुलांनो, एका जंगलात गंगाधर त्र्यंबक साळिंदर, वय वर्षे बारा, हे गृहस्थ सपत्नीक राहत असत. एकदा त्यांच्या पत्नीस, भागीरथीबाईंस, कडक ताप भरला.

जंगलात दवाखाना नव्हता, असे कृपया समजू नका. सिंहमहाराजांनी प्रजेला उच्च दर्जाचा दवाखाना देण्याचे वचन दिले होते, आणि त्यांचे अधिकारी शब्दाचे पक्के होते. त्यांनी सर्वांत उंच साग शोधला आणि दवाखाना त्याच्या शेंड्यावर बांधला.

गंगाधरपंतांनी बुंध्याशी उभे राहून तापाची पुडी मागितली. खारीने वरून निरोप आणला, की पुडी खाली येत नसते. रुग्णाने समक्ष वर यावे.

आता साळिंदराला झाड चढता येत नाही, हे तुम्ही जाणताच. अखेर शेजारच्या अस्वलीणबाईंनी उभयतांना पाठीवर घेतले. वाटभर त्या एवढेच म्हणत होत्या, "वहिनी, जरा अंग चोरून बसा हो."

शेंड्यावर वैद्यराज वानर आपली नवी टोपी नीटनेटकी करत होते.

"इतक्या उंच आलात?" त्यांनी विचारले.

"आलो," गंगाधरपंत म्हणाले.

"मग आजार कसला? इथवर पोहोचतो तो ठणठणीत असतो. जो पोहोचत नाही, तो आमचा रुग्ण नसतो. म्हणून तर या जंगलात रोगराई उरलेली नाही. चला, पुढचे कोण?"

पुढचे कोणीच नव्हते. भागीरथीबाई थरथरत होत्या. गंगाधरपंत सभ्य गृहस्थ. ते एकही वावगा शब्द बोलले नाहीत. त्यांचे काटे तेवढे उभे राहिले.

वैद्यराज एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. फांदी मात्र त्याच्या अलीकडेच संपली होती. वानर असूनही ते पडले, कारण दोन्ही हात टोपी सांभाळण्यात गुंतले होते. वाटेत पुष्कळ फांद्या लागल्या, म्हणून पायावरच निभावले. पाय मात्र मोडला.

अस्वलीणबाई उभयतांना घेऊन खाली उतरल्या आणि त्यांनी अदबीने विचारले, की वैद्यराजांना वर पोहोचवू का? वैद्यराजांनी बाईंच्या पाठीवरच्या केसांत अडकलेले काटे पाहिले. मग बराच वेळ शेंडा पाहिला.

"एवढ्या उंच कोणत्या शहाण्याने बांधला हा?" ते कण्हत म्हणाले, आणि औषधांच्या सर्व पेट्या खाली मागवल्या.

पहिली पुडी त्यांनी स्वतः घेतली. दुसरी भागीरथीबाईंना मिळाली. संध्याकाळी त्यांचा ताप उतरला.

तेव्हापासून त्या जंगलातला दवाखाना झाडाखाली भरतो.

तात्पर्य : औषध आपल्या दारी यावे असे वाटत असेल, तर अर्जविनंत्यांत वेळ दवडू नये, वैद्यराजांचा पाय मोडेल अशी सोय पाहावी.