द्वारका घूस आणि वडावरची पाटी

एका जंगलात सिनेमे निघत. हसू नका, बाळांनो. तुमच्याकडे निघतात तेवढे काही ते वाईट नव्हते.

त्या जंगलाचा एक रिवाज होता. नवा सिनेमा लागला की पाणवठ्यावरच्या वडाला पाटी टांगायची. पाटीवर सगळ्यात वर हिरोचं नाव. त्याखाली हिरॉइनचं. मग व्हिलनचं, मग निर्मात्याच्या मेव्हण्याचं. आणि पाटी संपत आली की अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'व इतर'.

आपली गोष्ट या 'व इतर'मधल्या एका घुशीची आहे. तिचं नाव द्वारका.

द्वारका सिनेमात आली तेव्हा कोवळी पोर होती. मनात एकच इच्छा घेऊन आली होती. एकदा, फक्त एकदा, त्या पाटीवर आपलं नाव लागावं.

दिग्दर्शक होता करकोचा. तो एका पायावर उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला विचारवंत समजत. त्याने द्वारकाला आधी एका डोळ्याने पाहिलं. मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.

"आई," तो म्हणाला.

"कोणाची?"

"हिरोची."

हिरो होता बिबट्या. वयाने द्वारकाच्या दुप्पट, पण सिनेमात अजून कॉलेजात जायचा. घुशीच्या पोटी बिबट्या कसा, असं कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. सिनेमाच होता तो! द्वारकाच्या मिशांना पीठ चोपडलं, तिला खाटेवर निजवलं आणि करकोच्याने बजावलं, "इंटरव्हलच्या आत मरायचं."

बिबट्या उशाशी येऊन बसला आणि त्याचा संवादच विसरला. नुसता टकामका बघत राहिला. आता मरणारीने तरी किती वेळ थांबायचं? द्वारकाला आपली आई आठवली. बिळाच्या तोंडाशी बसून ती रोज जे विचारायची, तेच हिच्या तोंडून निघून गेलं.

"जेवलास का रे?"

एवढं म्हणून द्वारका मेली.

सिनेमा लागला आणि सगळं जंगल हमसून हमसून रडलं. मगरही रडली, आणि त्या दिवशी तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. 

द्वारका धावत वडाकडे गेली. पाटी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. 'व इतर'.

"पुढच्या खेपेला बघू," करकोचा म्हणाला.

द्वारकाच्या आईनेही सिनेमा पाहिला होता. शेजारणीने तिला विचारलं, "त्यात तुमची कोणती हो?" म्हातारी ऐटीत म्हणाली, "ती मेली ना, ती माझी."

पुढच्या खेपा पुष्कळ आल्या. द्वारका हिरोची आई झाली, हिरॉइनची आई झाली, दोघांची मिळून एकच आई झाली. एकदा खाष्ट सासू झाली, तर बाजारात खारीने तिला मटार द्यायचं नाकारलं. "सुनेला उपाशी ठेवतेस आणि स्वतःला मटार हवेत होय गं, भवाने!" द्वारका रिकामी पिशवी घेऊन घरी आली, पण स्वारी खुशीत होती. काम बरं झालंय म्हणायचं!

मात्र पाटीवर 'व इतर'च.

होता होता द्वारकाच्या मिशा खरोखरच पांढऱ्या झाल्या. करकोच्याने त्या पाहिल्या आणि नाक मुरडलं. "खऱ्या वाटत नाहीत. थोडं पीठ लावा."

मग एके दिवशी करकोच्याला मोठाच शोध लागला. आई सिनेमा सुरू होण्याआधीच मेलेली असली तर? तिला खाट नको, औषधाची बाटली नको, जेवण नको. भिंतीवर द्वारकाचा फोटो टांगला, त्याला हार घातला, काम झालं. बिबट्या फोटोपुढे उभा राहून रडायचा. फोटो संवाद विसरत नसे आणि चहाही मागत नसे. त्याला कामांवर कामं मिळत गेली. द्वारका घरी बसली.

जंगलात नवी पिल्लं मोठी झाली. त्यांनी द्वारकाला कधी हाराशिवाय पाहिलंच नव्हतं. बिचारी केव्हाच गेली, असं ती सगळी धरून चालली.

आणि एक दिवस करकोचा स्वतः द्वारकाच्या बिळाशी आला. दोन्ही पायांवर उभा राहिला. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"द्वारकाबाई, तुमच्या आयुष्यावर सिनेमा काढतोय. नाव 'द्वारका'. पाटीवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात!"

द्वारकाला रडू आवरेना. आज आपली आई असायला हवी होती, असं तिला फार वाटलं. मिशा पुसून तिने विचारलं, "मग मी कधी येऊ?"

करकोच्याने घसा साफ केला. म्हणाला, "तसं नाही. मुख्य भूमिका आपली हरिणी करतेय. पण तुमची इच्छा असेल तर चाचणी द्या. आमच्याकडे पक्षपात नाही."

द्वारकाने चाचणी दिली. जशी रोज चालते तशी चालली. जशी रोज बोलते तशी बोलली.

"छे," करकोचा म्हणाला. "द्वारका वाटत नाही."

मग हरिणी शिकायला आली. चांगली मुलगी होती हो. "मावशी, मला तुमच्यासारखं चालायला शिकवा ना," म्हणाली. द्वारकाने शिकवलं. खाटेवर कसं निजायचं, श्वास कसा अडवायचा, सगळं जीव ओतून शिकवलं. हरिणी घुशीसारखी चालू लागली आणि सगळे म्हणाले, काय ही मेहनत! द्वारका जन्मभर घुशीसारखी चालली होती. तिला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

"आणि तुमच्यासाठीसुद्धा भूमिका आहे बरं का," करकोचा म्हणाला. "द्वारकाची आई. इंटरव्हलच्या आत मरते."

अशी द्वारका आपल्याच आईचं काम करायला खाटेवर निजली. मिशांना पीठ लावलं होतं. उशाशी द्वारका होऊन हरिणी बसली होती. संवाद लिहिलेला होता, 'बाळे, जेवलीस का?'

द्वारकाने वर पाहिलं. ते मोठे मोठे डोळे तिचे नव्हते. तरीही तिने तोंड उघडलं आणि लिहिलेलं नव्हतं ते बोलली.

"द्वारके, जेवलीस का गं?"

इतक्या सिनेमांत तिचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. शेवटी तिचं तिनेच उच्चारलं. मग ती मेली, आणि त्या दिवशी करकोच्यालाही 'कट' म्हणायचं भान राहिलं नाही.

वडावर पाटी लागली. वर केवढ्या तरी मोठ्या अक्षरात 'द्वारका'. खाली हरिणी, बिबट्या, मेव्हणा. तळाशी 'व इतर'. द्वारका बराच वेळ पाटीखाली उभी होती. आपण वर आहोत की खाली, तिला ठरवता येईना.

सिनेमा धो धो चालला. समारंभ झाला. हरिणीला फुलांचा मुकुट मिळाला. "आज द्वारकामावशी जिथे असतील तिथून मला बघत असतील," ती म्हणाली.

द्वारका तिसऱ्या रांगेत होती आणि बघतच होती. पण हे वाक्य ऐकताच सगळं जंगल आदराने उठून उभं राहिलं. माना खाली गेल्या. कोणी हूं की चूं करेना. सगळेच उभे राहिल्यावर एकटीने बसून राहणं बरं दिसेना, म्हणून द्वारकाही उभी राहिली. आपल्या आत्म्याला शांती मिळो, अशी तिनेही प्रार्थना केली. काम कसलंही असो, ते मन लावून करायची तिची सवयच होती.

खाली बसताना शेजारच्या सशाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. त्यात कोणती हो तुम्ही?"

द्वारकाने मिशा सारख्या केल्या.

"ती मेली ना," ती ऐटीत म्हणाली, "ती मी."

तात्पर्य : बाळांनो, कोणतंच काम छोटं नसतं, छोटं असतं ते फक्त पाटीच्या तळाचं अक्षर. तेव्हा मोठेपणी काय हवं ते व्हा, पण दिसायला हरीण व्हा. इंटरव्हलच्या आत मरायला घुशी आहेतच.