नाही म्हणायला बंदी

जरा डोळे मिटा बघू, मुलांनो. मे महिन्यातली दुपार आहे. खिडक्यांचे पडदे ओढलेले आहेत, पंखा गरगर फिरतोय आणि फरशीवर लुडोचा पट मांडलाय. लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या सोंगट्या आपापल्या घरात बसल्या आहेत. फासा तुमच्या हातात आहे. आणि खेळायला तुम्ही एकटेच. आता सांगा, जिंकलात तर चिडवायचं कोणाला?

नऊ वर्षांच्या ईशाने त्यावर एक उपाय शोधला होता. लाल जिंकला की ती हिरव्याला त्याच्याशी भांडायला लावायची. मग पिवळा मध्ये पडून दोघांची समजूत घालायचा. निळा तिला विशेष आवडत नसे. तो नेहमी हरायचा आणि कधी तक्रारही करायचा नाही.

एप्रिल संपता संपता ईशा आईबाबांबरोबर पुण्याहून हैदराबादला आली होती. बरकतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. शाळा जूनमध्ये उघडणार होती, आणि इमारतीतली मुलं सुट्टीत आपापल्या आजोळी पांगली होती. आई, म्हणजे उषा, कोठीतल्या एका दवाखान्यात डॉक्टर होती. सकाळी गेलेली ती दिवेलागणीलाच परत यायची. बाबा, म्हणजे हेमंत, दिवसभर घरातच असायचा. पण आतल्या खोलीत, लॅपटॉपसमोर. म्हणजे घरात असायचाही आणि नसायचाही.

"बाबा, एकच डाव खेळूया?" ईशा दारातून विचारायची.

"आत्ता नको, बाळा. मीटिंग आहे."

बाबाचं हे 'आत्ता' सकाळी सुरू व्हायचं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत चालायचं.

हेमंत एका कंपनीत स्क्रम मास्टर होता. नाव पैलवानाला शोभेल असं, पण काम साधारण वर्गाच्या मॉनिटरचं. शाळेची बस कुठपर्यंत आली, हे आईवडिलांना फोनवर दाखवणारं एक ॲप त्याची टीम तयार करत होती. रोज सकाळी सगळ्यांनी पडद्यावर जमायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, ते थोडक्यात सांगायचं. ही सभा उभ्याने घ्यायची असते, म्हणजे लवकर संपते. हेमंत प्रामाणिकपणे उभा राहायचा. बाकीचे उभे आहेत की आडवे, हे कळायला मार्ग नव्हता, कारण सगळ्यांचे कॅमेरे बंद असायचे. पडद्यावर नुसते काळे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक नाव. माधवी, दिलीप, गौतम.

एकदा त्याच्या वरिष्ठ अनुराधा मॅडम म्हणाल्या, "हेमंत, तुमची टीम फार गप्प आहे. कोणाला नवं काही सुचतच नाही. त्यांचे खेळ घ्या. खेळताना डोकी मोकळी होतात."

हेमंतने ते मनावर घेतलं. पहिल्या दिवशी त्याने सांगितलं, "घरातली सगळ्यात गमतीची वस्तू धावत जाऊन घेऊन या!" तिघांनीही फोनचा चार्जर आणला. निदान, आणला असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने डुकराचं चित्र काढायला लावलं.

"काढलं सर," दिलीप लगेच म्हणाला.

"अरे वा! दाखव की."

"नेटवर्क नाही ना सर."

दाराबाहेर बसलेल्या ईशाला हे सगळं ऐकू यायचं. बाबा उत्साहाने खेळ समजावून सांगायचा. मग बराच वेळ शांतता. मग बाबा एकटाच हसायचा. ते हसू ऐकलं की ईशाला का कोण जाणे, निळ्या सोंगटीची दया यायची.

अशात एका गुरुवारी सकाळी हेमंतने नवा खेळ काढला.

"आज दिवसभर कोणीही 'नाही' म्हणायचं नाही. 'नको' नाही, 'जमणार नाही' नाही, 'पण' सुद्धा नाही. कोणीही काहीही विचारलं तर 'हो, आणि' म्हणायचं, आणि पुढे आपलं काहीतरी जोडायचं. अशानेच नव्या कल्पना सुचतात."

"आणि कोणी चुकलं तर?" माधवीने विचारलं.

"त्याने आठवडाभर कॅमेरा चालू ठेवायचा."

काळ्या चौकोनांना धस्स झालं. ते दिसलं नाही, पण कोणाच्या तरी हातून ताटलीत चमचा पडल्याचं ऐकू आलं.

"आणि सर, तुम्ही चुकले तर?" दिलीपने विचारलं. तो मूळचा हैदराबादेतल्याच काचीगुड्याचा, तिथल्या जुन्या मराठी घरातला. "तुमचा कॅमेरा तर चालूच राहतो."

"मी चुकलो, तर पुन्हा कधीही तुम्हाला खेळ खेळायला लावणार नाही."

हे ऐकल्याबरोबर टीमला खेळात पहिल्यांदाच रस वाटू लागला.

"सर, आज दुपारनंतर सगळ्यांना सुट्टी ना?" गौतमने लगेच जाळं टाकलं.

"हो, आणि..." हेमंतने डोकं खाजवलं. "आणि सुट्टीत आपण सगळे मिळून काम करू."

"सर आज सगळ्यांना बिर्याणी खिलवणार?" दिलीप.

"हो, आणि ज्याने त्याने आपापली मागवायची!"

कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एकजण. हेमंत पडद्याकडे बघतच राहिला. इतक्या दिवसांत त्या चौकोनांमधून हसण्याचा आवाज तो प्रथमच ऐकत होता.

बाहेर ईशाच्या हातातला फासा हातातच राहिला. आज बाबाला 'नाही' म्हणता येत नाही! तिने मनाशी दोनदा खात्री करून घेतली आणि दार ढकललं.

"बाबा, आज माझ्याशी लुडो खेळशील?"

"आत्ता न..." हेमंतचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चौकोनांनी श्वास रोखले.

"सर," गौतम मऊ आवाजात म्हणाला, "ती काहीतरी विचारते आहे."

"हो," हेमंत म्हणाला. "आणि... पाच वाजता. आणि तू म्हणशील तितके डाव."

ईशा बाहेर आली. तिने पट पुसला. बाबाला मांडी घालून बसलं की गुडघा दुखतो, म्हणून एक उशी आणून ठेवली. लिंबू सरबत केलं, चाखून पाहिलं, आणखी साखर घातली आणि पुन्हा चाखून पाहिलं. मग घड्याळासमोर बसली. घड्याळाकडे बघत बसलं की ते मुद्दाम हळू चालतं, हे तुम्हालाही ठाऊक असेलच.

दुपारी अनुराधा मॅडम अचानक मीटिंगमध्ये आल्या आणि त्यांच्याबरोबर आले प्रभाकर राव. शहरातल्या कितीतरी शाळांच्या बस त्यांच्या मालकीच्या होत्या आणि ॲप त्यांच्यासाठीच तयार होत होतं. आजवर त्यांनी काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, जमणार नाही. त्यामुळे ते आधीच वैतागलेले होते.

"सोमवारी शाळावाल्यांची बैठक आहे," ते म्हणाले. "तोवर काहीतरी दाखवण्यासारखं होईल का हो?"

कॅमेऱ्याची भीती सगळ्यांच्या मानेवर बसली होती.

"हो," शेवटी गौतम म्हणाला, "आणि तेलुगूतसुद्धा."

"हो, आणि उर्दूतही," माधवी म्हणाली.

"हौ, आणि बस स्वतःच फोन करून बोलेल," दिलीप म्हणाला. "की मी नाक्यावर आली, पोराला खाली पाठवा."

"बागुंदी, बागुंदी!" राव म्हणाले. म्हणजे, छान छान. "पोरं बसमध्ये डबा विसरतात, त्याचं काही?"

"हो, आणि डबा कोणाचा, भाजी कुठली, आणि किती उरली, तेही समजेल," गौतम म्हणाला.

"अस्सं? आणि मोठा पाऊस आला तर?"

"हो, आणि आदल्या दिवशीच सांगेल. आणि शाळेला सुट्टीपण देऊन टाकेल," माधवी म्हणाली.

"काय सुंदर!" अनुराधा मॅडमचा आवाज आनंदाने कापत होता. "हेमंत, खेळांनी जादू केली हो!"

हेमंतने टेबलाखाली फोन धरून टीमला लिहिलं, "थांबा!" ताबडतोब गौतमचं उत्तर आलं, "हो, आणि थांबून लगेच पुढे जातो."

खेळ मोडायचा, तर 'नाही' म्हणावं लागणार. 'नाही' म्हटलं की खेळ कायमचे बंद. मग उद्यापासून पुन्हा तेच काळे चौकोन आणि तीच शांतता. आज सकाळी ऐकलेलं ते हसू त्याच्या कानातून जात नव्हतं.

रावसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "असं असेल तर मला हे सगळं आज पाच वाजता दाखवा. मी निवांत आहे. संध्याकाळभर बसू."

"हेमंत?" मॅडमनी विचारलं.

"हो," हेमंत म्हणाला, "आणि..."

पुढे काय जोडावं, हे शोधत त्याने मान वळवली. दारात ईशा उभी होती.

ती रडत नव्हती. रागावलीही नव्हती. नुसती उभी होती, दाराच्या चौकटीला टेकून. आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरी आलो की काय, असा तिचा चेहरा झाला होता.

"बाबा," तिने विचारलं, "पाच वाजताचं तू मला हो म्हणाला होतास ना?"

माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही.

हेमंतने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग खुर्चीत सरळ बसला.

"नाही, रावसाहेब," तो म्हणाला. "पाच वाजता जमणार नाही. पाच वाजता मी माझ्या मुलीला वेळ दिला आहे."

खेळ संपला होता. हेमंत हरला होता. आता चौकोनांमधून जल्लोष होणार, म्हणून तो वाट बघत राहिला. जल्लोष झाला नाही.

"नाही, रावसाहेब," माधवी एकदम म्हणाली. "उर्दूतही होणार नाही. मला उर्दू वाचताच येत नाही." आणि तिचा कॅमेरा चालू झाला. केसांना मोठा चिमटा लावून ती वसतिगृहाच्या खाटेवर बसली होती, मांडीवर गार झालेल्या उपम्याची ताटली.

"बस फोन नाही करणार साहेब," दिलीप म्हणाला. त्याचाही कॅमेरा लागला. त्याने वर इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खाली लुंगी, आणि उठून पंख्याचं बटण लावायला गेल्यामुळे दोन्ही दिसलं.

"भाजीचंही नाही," गौतम पुटपुटला. तो चक्क ओट्याला टेकून स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता.

अनुराधा मॅडमनी डोक्याला हात लावला. "रावसाहेब, मी... मला खरंच..."

"अहो मॅडम, थांबा!" राव म्हणाले. "आत्ता कुठे माझ्या जिवात जीव आला. माझे ड्रायव्हर कधी इतकं पटापट हो म्हणायला लागले, की मी समजतो, बस कुठेतरी ठोकली आहे. म्हणून म्हटलं, पाच वाजता दाखवाच. खरं सांगा, सोमवारपर्यंत काय होईल?"

माधवीने बाकीच्यांकडे पाहिलं. "बस कुठे आहे ते दिसेल. बाकी काही नाही."

"मग महिनाभर मी दुसरं काय मागतोय?"

ईशा तोवर बाबाच्या खुर्चीपाशी आली होती. पडद्यावर टीममधल्या तिन्ही चेहऱ्यांकडे तिने एकेक करून नीट पाहिलं. तीन खोल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीत एकच माणूस होतं.

"तुम्ही सगळे एकटेच असता?" तिने विचारलं.

माधवी ताटलीतला उपमा चमच्याने इकडचा तिकडे करत राहिली.

"हौ बेटा," दिलीप शेवटी म्हणाला. "काम चालू राहतं ना, ध्यानात येत नाही."

पाच वाजता हेमंतने लॅपटॉप मिटला. आता त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती. हवं तर तो 'आत्ता नको' म्हणू शकला असता. ईशाला ते ठाऊक होतं, म्हणून तिने या वेळी विचारलंच नाही. ती फक्त पटाजवळ जाऊन बसली आणि दाराकडे बघत राहिली.

हेमंत आला, उशी गुडघ्याखाली सरकवून समोर बसला आणि म्हणाला, "मला लाल हवा."

पहिला डाव तो जिंकला. मुलगी आहे म्हणून हरून दाखवावं, असं त्याला सुचलंसुद्धा नाही; उलट जिंकल्यावर तो दोन्ही हात वर करून ओरडला. दुसऱ्या डावातही त्याचीच सरशी होती. त्याची शेवटची सोंगटी घराच्या अगदी तोंडाशी येऊन थांबली, तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. उषा आली होती. हेमंत गुडघा धरत उठला आणि दार उघडायला गेला.

आणि मुलांनो, बाबाची पाठ वळल्याबरोबर ईशाने काय केलं असेल?

तिने दाराकडे एक नजर टाकली, आणि बाबाची लाल सोंगटी बोटाने हळूच चार घरं मागे सरकवली.